हयात असल्याचा पुरावा

केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेल्या माणसाला दर नोव्हेंबरात आपण अजून हयात आहोत हे सरकारला पटवून द्यावे लागते. (वयाची 80 वर्षे पूर्ण केलेल्यांना 1 ऑक्टोबरपासूनच ही मुभा आहे, घाई कोणाला असते, हे सरकारने बरोबर ओळखले आहे.) 2014 मध्ये जीवन प्रमाण योजना आली आणि हा दाखला बोटांच्या ठशांवर मिळू लागला, परंतु माझ्या बोटांवरील रेषा एव्हाना माझ्याआधीच निवृत्त झालेल्या. 2021 मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली, तेव्हा यापुढे बँकेत रांग लावणार नाही, असे मी कट्ट्यावर जाहीर करून टाकले.

यासाठी दोन ॲप लागतात. त्यांपैकी ‘आधार फेस आरडी’ पडद्याआड राहून काम करते, त्यामुळे ते डाउनलोड करूनही मोबाइलवर त्याचे चिन्ह शोधण्यात सकाळ गेली. दुसऱ्या ॲपला आधी ऑपरेटर हवा असतो आणि मग पेन्शनर. ही दोन्ही पदे माझ्याकडेच आली. उभ्या नोकरीत अतिरिक्त कार्यभार पुष्कळदा सांभाळला, पण अर्जदार आणि पडताळणी अधिकारी एकच, असे भाग्य कधी लाभले नव्हते.

खरी कसोटी पुढेच होती. पडद्यावरील वर्तुळात चेहरा बसवून डोळ्यांची उघडझाप करायची, एवढेच जिवंतपणाचे लक्षण तिथे ग्राह्य धरले जाते. चष्मा लावला की काचांवर ट्यूबलाइट चमके आणि काढला की सूचना दिसेनात; म्हणून सूचना वाचण्याचे काम सौभाग्यवतींनी पत्करले. “डोळे मिटा,” त्या म्हणाल्या. मी मिटले. “अहो, मिटून काय बसलात, उघडा! लोक काय म्हणतील?” शेवटी गॅलरीतल्या उन्हात वर्तुळ हिरवे झाले आणि प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, संदेश आला.

ही वार्ता सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही. एकदा ऑपरेटर झालेल्या माणसाला त्याच मोबाइलवरून इतरांचेही दाखले काढता येतात, हे कोणीतरी शोधून काढले. आता आमच्या गॅलरीत पेन्शनरांची रांग लागते, सौभाग्यवती चहाची आधणे ठेवतात, आणि मी पूर्वीच्याच साहेबी आवाजात सांगत असतो, “काकू, पदर नीट करण्याची गरज नाही, फक्त पापण्या हलवा. पुढचे कोण?”