खुलासा : अमेरिकेतला बेकारी भत्ता 2021 मध्ये सरसकट बंद झाला नव्हता

‘सप्टेंबर 2021 मध्ये अमेरिकेने बेकारी भत्ताच बंद केला आणि लोक निमूट कामावर परतले,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

राज्यांचा नेहमीचा बेकारी भत्ता चालूच राहिला. बहुतेक राज्यांत तो 26 आठवड्यांपर्यंत मिळतो. 6 सप्टेंबर 2021 रोजी संपल्या त्या महासाथीसाठी केलेल्या केंद्रीय तरतुदी. त्यांतली आठवड्याची जादा रक्कम मार्च 2020 च्या कायद्याने 600 डॉलर होती, जुलैअखेर ती थांबली, पुढे 300 डॉलरवर आली. ही संपल्यावर नेहमीचा भत्ता घेणाऱ्याचे फक्त 300 डॉलर कमी झाले.

खरा घाव बसला तो इतरांवर. टॅक्सीचालक, छोटे स्वयंरोजगारी, सुटी कामं करणारे. नेहमीच्या योजनेत त्यांना जागाच नाही, त्यांच्यासाठी वेगळी मदत होती. ती गेली आणि हातात काहीच उरलं नाही. 26 आठवडे संपवून वाढीव मुदतीवर असलेल्यांचंही तेच झालं. या माणसांना आळशी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

शिवाय सगळीकडे एकाच दिवशी हे घडलं नाही. सुमारे निम्म्या राज्यांनी जून-जुलैतच मदत थांबवली, बहुतेक रिपब्लिकन गव्हर्नरांची. तिथल्या बँक खात्यांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की भत्ता तुटलेल्यांपैकी थोड्यांनाच ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत काम मिळालं होतं. बाकीच्यांनी खर्चाला कात्री लावली.