लेझरनं पट्टी चिकटवून लघवी गळणं बंद?

गेल्या आठवड्यात बचत गटाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. "खोकलताना, शिंकताना लघवी गळते? आता टाके नाहीत, जाळी नाही! लेझरनं पट्टी आतल्या मांसाला कायमची चिकटवतात. अर्ध्या तासात त्रास बंद. जुन्या ऑपरेशनची जाळी शरीरात सडते. व्यायामानं काही होत नाही." खाली मोबाईल नंबर. कापूस वेचायला जाणाऱ्या एका काकूंनी तो दाखवून मला विचारलं, "सिस्टर, पंधरा हजार मागून राह्यला थो. देऊ का?"

आधी 'टाके नाहीत' हेच घ्या. यात नवल काहीच नाही. १९९६ साली स्वीडनच्या डॉ. उल्फ उल्मस्टेन यांनी या त्रासावर जे ऑपरेशन मांडलं, त्यातही पट्टीला टाका नसतोच. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची, साधारण १ सेंटीमीटर रुंद, जाळीदार पट्टी मूत्रमार्गाखाली झोळीसारखी सैल ठेवतात. सुरुवातीला ती आजूबाजूच्या मांसात नुसती रुतून राहते. मग काही आठवड्यांत शरीराचे तंतू तिच्या भोकांतून वाढतात, कुंपणाच्या जाळीत वालाचा वेल शिरावा तसे. टाके पडतात ते वरच्या छेदाला.

आणि 'कायमची चिकटवतात' हा गुण कसा झाला? पट्टी जरा जास्त आवळली गेली तर लघवी अडते. मग पहिल्या काही दिवसांत ती सैल करावी लागते, कधी पुढे कापावीही लागते. जागच्या जागी वेल्डिंग केलेली पट्टी सैल कशी करणार, ते मेसेजवाल्यानं सांगितलेलं नाही. मुळात 'जाळी नाही' म्हणतो, तर पट्टी कशाची तेही नाही. बाईच्याच पोटाच्या स्नायूवरचं आवरण काढून झोळी करतात, पण ते ऑपरेशन फार जुनं आहे आणि त्यात टाके असतात.

उष्णतेनं मांस जोडायची कल्पना मात्र थाप नाही. साधारण ६० अंशांच्या पुढे मांसातल्या कोलॅजनचे धागे सुटतात आणि थंड होताना एकमेकांत गुंततात. मध्ये अल्ब्युमिन या प्रथिनाचा लेप देऊन, त्यात हिरवा रंग मिसळून लेझर मारण्याचेही प्रयोग झालेत. अडचण साधी आहे. पट्टीचं प्लास्टिक वितळतं १६० अंशांच्या आसपास, आणि तेवढ्या उष्णतेत मांस शिजतं. म्हणून मध्ये कसला तरी लेप हवा, उष्णता मोजून हवी. पेटंटच्या कागदावर हे सगळं छान मांडता येतं, पण पेटंट देणारा कल्पना नवी आहे का ते बघतो. किती बायकांचं लुगडं कोरडं राहिलं ते मोजत नाही. मोठ्या दवाखान्यांतल्या नेहमीच्या स्लिंग, म्हणजे झोळीच्या, ऑपरेशनमध्ये असं वेल्डिंग नसतं.

दवाखान्यांच्या जाहिरातीत दिसतं ते लेझर वेगळंच. ते योनीच्या आतल्या अस्तराला शेक देतं, पट्टी कुठेच लावत नाही. लघवी गळण्यासाठी अशी यंत्रं वापरण्याबद्दल अमेरिकेत औषधं आणि यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं जुलै २०१८ मध्येच इशारा दिला होता: भाजणं, व्रण, कायमचं दुखणं.

'जाळी सडते' हे अर्धं खरं. सडत नाही, पण काहींना ती अस्तरातून बाहेर डोकावते, दुखते. इंग्लंडनं २०१८ मध्ये या पट्ट्यांचा वापर थांबवला, तो याच तक्रारींवरून. अमेरिकेनं २०१९ मध्ये विक्री बंद केली ती अंग बाहेर येण्याच्या त्रासावर योनीतून बसवायच्या मोठ्या जाळीची, या पट्टीची नाही. ऑपरेशनआधी डॉक्टरांना हे विचारायलाच हवं, लाजायचं कारण नाही.

'व्यायामानं काही होत नाही' हे तर सपशेल खोटं. डॉ. केगल यांनी तो १९४८ मध्ये मांडला. वारा सुटू नये म्हणून आवळतो तसं आवळायचं, सोडायचं. आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. वेचणीच्या तासात उभ्या उभ्याही जमतं, शेजारणीला कळत नाही.

काकूंना मी पैशाआधी एकच विचारलं, खोकलल्यावर गळते की लघवीच्या जागी पोचेपर्यंत?

"धुऱ्यापर्यंत पोचूच देत नाही, बाप्पा. खोकल्याचं काई नाही."

म्हणजे हा घाईनं गळण्याचा त्रासच वेगळा. याला ना चिकटवलेली पट्टी लागू, ना नेहमीची. आधी लघवी आणि साखर तपासायची. मंगळवारी येतो म्हणाल्या.