केसगळतीवरचा तो मेसेज आणि माझं काउंटर

गेल्या पंधरवड्यात चौघींनी फोन पुढे करून मला एकच मेसेज दाखवला. ‘बायकांचे केस गळतात ते पोषण कमी पडल्यामुळे. शास्त्राने सिद्ध केलेला कांद्याचा रस लावा, बायोटिन खा, महिन्यात केस दाट. मिनॉक्सिडिल पुरुषांचं औषध आहे, त्याने असलेले केसही जातात आणि ते आयुष्यभर सुटत नाही. एवढं करून फरक नाही पडला तर एकदा टक्कल करा.’ (बायोटिन म्हणजे बी गटातलं एक जीवनसत्त्व, मिनॉक्सिडिल म्हणजे टाळूला लावायचं केसांचं औषध.) मी मेडिकल चालवते, डॉक्टर नाही. या मेसेजमुळे बायोटिनचा खप वाढलाय, म्हणजे खरं तर मी गप्प बसायला हवं.

पण पहिल्याच वाक्यात घोळ आहे. केस गळणं हा काही एकच आजार नाही. परवा एक ताई प्लास्टिकच्या पिशवीत केसांचा पुंजका घेऊन आल्या. “एका अंघोळीचे आहेत,” म्हणाल्या. मी विचारलं, दोन-तीन महिन्यांपूर्वी काही झालं होतं का? डेंग्यू झाला होता, पाच दिवस ॲडमिट होत्या. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपाशी राहून केलेलं डाएट, असा दणका बसला की पुष्कळ केस एकदम वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. ही गळती बहुतेक वेळा सहाएक महिन्यांत आपसूक थांबते. त्या काळात डोक्याला जे लावाल, त्याला श्रेय मिळतं. कांद्याची निम्मी कीर्ती अशीच झाली असावी.

दुसऱ्या एखादीचे पुंजके निघत नाहीत, पण दर वर्षी भांग थोडा रुंद होतो. कपाळावरची रेघ मात्र जागेवरच. हे बरंचसं आनुवंशिक असतं आणि आपसूक थांबत नाही. तिसरीला चाई पडते, नाण्याएवढा गुळगुळीत गोल. चौथीने वर्षानुवर्षं अंबाडा ताणून बांधलेला असतो, तिच्या कानशिलांवरचे केस जातात. या चौघींना एकच रस?

कांद्याचं ‘सिद्ध झालेलं’ म्हणजे काय, तेही सांगते. २००२ साली बगदादच्या डॉक्टरांचा एक छोटा अभ्यास छापून आला. २३ जणांनी कांद्याचा रस लावला, १५ जणांनी नुसतं पाणी. सहा आठवड्यांत रसवाल्यांपैकी २० जणांना केस आले. आकडा छान आहे, पण ते सगळे चाईचे रुग्ण होते, आणि चाई पुष्कळदा आपली आपणच भरून येते. भांग रुंद होणाऱ्या बाईला यातून काही मिळत नाही. टाळूची आग मात्र होऊ शकते.

बायोटिनची खरी कमतरता क्वचितच आढळते. जास्त डोसची गोळी चालू असली की रक्ताच्या काही तपासण्या चुकीच्या येतात, थायरॉईडचीसुद्धा. केस का गळतात म्हणून थायरॉईड तपासायचं आणि त्याच केसांसाठी घेतलेल्या गोळीने रिपोर्ट बिघडवायचा! रक्त द्यायला जाताना गोळी चालू आहे हे लॅबवाल्यांना सांगा.

पोषणाचा मुद्दा मात्र पूर्ण खोटा नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तेव्हा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) जरूर बघा. पण तपासल्याशिवाय मूठभर गोळ्या नकोत. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं केस जाऊन हैराण झाली. तिथल्या लोकांच्या रक्तात सेलेनियम नावाचं खनिज वाढलेलं सापडलं. रेशनच्या गव्हातून ते आलं, असं महाडचे डॉक्टर-संशोधक हिंमतराव बावस्कर यांनी मांडलं. हेच सेलेनियम ‘केसांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांतही असतं.

आता मिनॉक्सिडिल. अमेरिकेत बायकांसाठी २ टक्क्यांच्या द्रावणाला १९९१ मध्येच मान्यता मिळाली, ५ टक्क्यांच्या फेसाला २०१४ मध्ये. मग पुरुषांचं कसं? असलेले केस जातात, हे अर्धं खरं आहे. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते, कारण जुने केस सुटून नव्यांना जागा होते. नेमक्या त्याच वेळी घाबरून बायका बाटली बंद करतात, आणि मेसेज खरा ठरतो. ‘सुटत नाही’ हेही तसंच. थांबवलं की मिळालेला फायदा काही महिन्यांत ओसरतो, म्हणून भांग रुंद होणाऱ्यांना ते चालू ठेवावं लागतं. बीपीच्या गोळीला आपण व्यसन म्हणतो का? (मिनॉक्सिडिल मुळात बीपीचंच औषध.) कपाळावर ओघळलं तर तिथे लव येते, तेवढं सांभाळा. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना मात्र लावू नका. पुरुषी हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्याही त्वचारोगतज्ज्ञ काही जणींना देतात, पण त्या बहिणीच्या चिठ्ठीवर मागायला येऊ नका. दिवस राहण्याची शक्यता असेल तर त्या घातक ठरू शकतात.

टक्कल करून मूळ बदलत नाही. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून केस जाड भासतो, इतकंच.

राहिला ‘महिना’. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मिनॉक्सिडिलचा फरक दिसायलाही चार ते सहा महिने लागतात. म्हणून मी बाटलीबरोबर एकच काम सांगते. आज भांगाचा फोटो काढा, मग दर महिन्याच्या एक तारखेला त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात. पिशवीतले केस मोजू नका. रोज पन्नास ते शंभर तर सगळ्यांचेच जातात.