जाम बोल्ट तोडण्याची खात्रीशीर रीत

गोव्यात जुन्या गाड्यांचं गॅरेज काढायचं मनात असेल तर भांडवल फारसं लागत नाही. पत्र्याची शेड, हाताखाली एक पोरगा, थोडे पाने आणि एक लांब लोखंडी पाईप. पाईप सगळ्यात महत्त्वाचा. बाकीचं हवामान सांभाळून घेतं. जून ते सप्टेंबर पाऊस, उरलेलं वर्ष खारा वारा. मांडवी-झुवारीच्या काठाला उभ्या राहणाऱ्या गाडीखाली सरळ सुटणारा नट शोधून दाखवा! म्हणजे गिऱ्हाईक येणारच. आणि एकदा आलं की जाऊ शकत नाही, कारण गाडी उघडलेली असते.

हात बसवायला मारुती ८०० घ्या. १९८३ साली आली, २०१४ मध्ये बंद झाली, तरी डिचोली-वाळपईकडे अजून एखादी दिसतेच. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बॉनेट उघडलं की हात घालायला ऐसपैस जागा. इतकं साधं इंजिन बिघडवायला कसब लागतं, याची लोकांना कल्पना नसते.

थर्मोस्टॅट दिसला की काढून फेका. "गोंयांत कसली थंडी, पात्रांव?" एवढं म्हणायचं (पात्रांव म्हणजे मालक), गिऱ्हाईक मान डोलावतं. पाणी ऐंशी-पंच्याऐंशी डिग्रीच्या आसपास पोचेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणं, हे त्या बिचाऱ्या थर्मोस्टॅटचं काम. तो गेला की इंजिन गरम व्हायला वेळ लावतं, पेट्रोल जास्त पितं आणि आतून जास्त घासतं. घासलं की येणार कुणाकडे? तुमच्याकडेच.

पॅकिंगच्या, म्हणजे दोन भागांमधली गळती रोखणाऱ्या पट्टीच्या, जागी काळं सिलिकॉन भरभरून लावा. जास्तीचं आत तुटून ऑइलच्या जाळीत जाऊन बसतं.

पिस्टनच्या रिंगा बदलताना सिलिंडरचा व्यास मोजू नका. सिलिंडर लंबगोल झाला असला तरी नवी रिंग गोलच असते. धूर पुढच्या महिन्यात येईल, बिल आजच द्या.

हेडचे, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचे, बोल्ट अंदाजाने आवळा. किती जोराने आवळलं ते दाखवणारा टॉर्क पाना भिंतीवर शोभेला असू द्या.

आता मुख्य विद्या: एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा स्टड. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणारा पाईप, आणि स्टड म्हणजे त्याला हेडशी धरून ठेवणारा बिनडोक्याचा बोल्ट. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, स्टड पोलादी, वर बारा नंबरचा नट. वर्षानुवर्षं तापतो, निवतो, पावसात भिजतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा अडवतो, म्हणून आट्यांमध्ये फुगून नट गच्च बसतो. गाडी सुरू करताना टक-टक आवाज येतो आणि गरम झाल्यावर थोडा कमी होतो. कारण काय, तर पॅकिंग जळलेलं. काम एवढंच की चार नट सोडवायचे, पॅकिंग बदलायचं, परत आवळायचे. चुकूनही आदल्या रात्री नटावर तेल मारून ठेवू नका. पातळ तेल आट्यांत आपोआप ओढलं जातं, सकाळी निम्मं काम झालेलं असतं, मग तुमची मेहनत दिसणार कशी? हातोडीने नटाच्या डोक्यावर हलक्या टिचक्या मारू नका, त्याने गंज तडकतो. आधी किंचित आवळून मग सोडवू नका. गॅसच्या ज्योतीने नटच तेवढा तापवून त्याला मेणबत्तीचं मेण टेकवू नका. मेण वितळून आत शिरतं आणि नट मुकाट्याने फिरतो. हे सगळे बायकी प्रकार, असं शेडमधल्या पोराला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. सहा कोपऱ्यांचा सॉकेट तर लावूच नका, तो डोकं धरून ठेवतो. झिजलेला फिक्स पाना लावा, कोपरे गोल होऊ द्या, आणि मग पाईप. पाईप पान्यात अडकवायचा, पाय बंपरला टेकवायचा, देवाचं नाव घ्यायचं. कट्ट! स्टड हेडच्या तोंडाशी मोडतो. सुंदर आवाज असतो तो, दुपारच्या वेळी रस्त्यापर्यंत जातो.

इथे कच्चा माणूस थांबतो. मोडक्या स्टडवर नट वेल्डिंग करून फिरवता येतो, त्या उष्णतेनेच बहुतेक वेळा तो सुटतो, हे म्हापसा-फोंड्याचा कुठलाही वेल्डर सांगेल. पण विचारायला जायचं म्हणजे आपल्याला येत नाही असा अर्थ होतो ना. तुम्ही हॅन्ड ड्रिल घ्या. मध्यावर पंच मारू नका. पोलाद कडक, अ‍ॅल्युमिनियम मऊ. ड्रिल घसरणार ते मऊ बाजूलाच. घसरू द्या. भोक तिरकं झालं, आटे गेले, की इन्सर्ट, म्हणजे नव्या आट्यांची नळी, बसवायचा विचारही मनात आणू नका, त्यात ड्रिल नीट मारावं लागतं. त्या भोकात एम-सील (दोन लगदे मळून लावायचं सील) भरा. हो, एम-सील! लाल होईपर्यंत तापणाऱ्या पाईपच्या बुडाशी, टाकीची गळती बंद करायचा लगदा. वरून काळा रंग. आणि गाडी आणायला आलेल्या माणसाला हात पुसत सांगा, "पात्रांव, स्टड आदींच मोडिल्लो."

आदींच मोडिल्लो! माझीच ती गाडी, तिच्याखाली मी स्वतः झोपून पाहिलंय, देताना चारही नट जागेवर होते. पण बोलायचं कुणाशी? चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर, गाडीत माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या मांडवाचं, सामान भरायचं, घरी म्हातारी माणसं वाट बघताहेत, आणि शेडच्या दाराशी आणखी गाड्या लागलेल्या. "चवथ जातकच पळोवया", म्हणजे चवथ झाल्यावर बघू. झाली चवथ. आता त्याच गॅरेजमध्ये "हेडच बदलूंक जाय" असं ऐकायला मिळालं. हेड! एका पॅकिंगपायी. वर पंधरा वर्षांनंतरचं पासिंग दर पाच वर्षांनी असतंच, तिथे धूर मोजतात तेव्हा हाच मेस्त (मिस्त्री) गाडीला नावं ठेवणार, "जुनी जाली ती, विकून उडय."

जुनी झाली म्हणून मोडली नाही ती. तू मोडलीस. लोखंड गंजतं, त्यात तुझा दोष नाही. पाऊस तू पाडला नाहीस, खारा वारा तू सोडला नाहीस. पण एक रात्र थांबायला तुला काय होत होतं? तेलाची बाटली काय भावाची असते? दोन दिवस उशीर झाला असता तर मी बसने गेलो असतो, माटोळी डोक्यावर नेली असती, पण मोडलेला स्टड लपवून वर रंग फासायची गरज नव्हती. आणि त्या पोराला काय शिकवतोयस तू? पाईप लावायला शिकवतोयस, खोटं बोलायला शिकवतोयस, आणि चार वर्षांनी तो दुसरी शेड काढणार. मोडतात स्टड. चांगल्या चांगल्या कारागिराच्या हातून मोडतात. मोडल्यावर हात थांबव, ड्रिल खाली ठेव आणि गाडीवाल्याला फोन कर. दिवसभर कानाला लावलेला असतो तो, एक फोन करायला लाज कसली वाटते तुला?