कालव्याचा फॉल आणि आमच्या पानठेल्यावरची वीज

ग्रामसभेतली अध्यक्षांची धरणाची घोषणा सगळ्यांनी ऐकलीच होती. संध्याकाळी पेंचच्या कालव्याजवळच्या पानठेल्यावर अध्यक्ष खर्रा (सुपारी-तंबाखू) घोटत पुन्हा सुरू झाले, "नदीवर दगडी धरण बांधू, कालवा काढू, गावाची वीज गावाले! मोठा विकास!"

"उंची किती भेटन?" मिस्त्रीकाकांनी विचारलं.

"पाहिजे तितकं उंच बांधू!"

"बांधाची नाही बे, पाण्याची. सेकंदाले एक घनमीटर पाणी एक मीटर खाली पडलं, तं पुरे १० किलोवॅटही नाही निघत. आपली नदी सपाट. बांध उंच केला का पाणी पसरन तुह्याच वावरात."

"पण दगडी धरण म्हणजे मजबूत..."

"ते वजनानं उभं रायते. पाणी समोरून ढकलते ते तुले दिसते. पायव्याखाली शिरून वर उचलते ते दिसत नाही. म्हणून खडक लागेस्तोवर खोदा लागते, भेगांत ग्राऊट, म्हणजे सिमेंटचा पातळ घोळ, भरा लागते. भाषणानं पायवा भरत नाही."

अध्यक्ष चिडले. "माह्या घराची भिंत तुमीच बांधली, तडकली ना?"

"मुरूम लागेस्तोवर खोदू द्या म्हणलं होतं. तुले मुहूर्त गाठाचा होता. अन् मजुरी अजून बाकी हाय."

पानठेलेवाल्यासकट सगळे हसले. मास्तर मात्र पेंचवरच्या तोतलाडोह धरणावर घसरले. १६० मेगावॅटची वीज, त्यातले दोन हिस्से मध्य प्रदेशाला, एक आपल्याला. वर चौराई धरण झाल्यापासून धरणात येणारं पाणीही कमी, आणि जे येतं त्यावर नागपूरची तहान आणि कोराडी-खापरखेड्याची औष्णिक केंद्रं. मास्तरांचा हा राग जुना आहे, आणि मला तो रास्त वाटतो. वाघाच्या भीतीत रात्री ओलिताला जायचं आम्हीच, कारण मोटारपंपाची वीज कित्येकदा रात्रीच येते.

"मंग करा काय?" अध्यक्ष म्हणाले.

"कालवा उतारावर जिथं पायरीसारखा खाली उतरते, तो फॉल पाह्य," काका म्हणाले. "तिथं टर्बाइन बसव. सेकंदाले पाच घनमीटर पाणी तीन मीटर पडलं, नुकसान जाऊन शंभरेक किलोवॅट निघते. ५ एचपीच्या वीसेक मोटारी दिवसा चालतीन. नवं धरण नाही, कोनाचं वावर बुडत नाही."

"अन् कालवा बंद असला तं?"

"तं बंद. म्हणून तं म्हणतो, कालव्याले पाण्याची पाळी सुटते तेव्हाची तरी वीज घे. टोकाच्या वावरात पाणी पोचत नाही, तिथल्या विहिरीवर ती कामी येते."

हा हिशेब मला पूर्ण पटला. तोच मागणीपत्रात लिहायचा, असं मी मास्तरांना म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, "लिहा, पण प्रकल्पाले माह्या आजोबाचं नाव द्या."

"नाव देऊ ना," काका म्हणाले, "आधी माही मजुरी दे."

अध्यक्षांनी मुकाट्यानं खर्र्याची पुडी पुढे केली. काकांनी चिमूट उचलली. "हे व्याजात धर. मुद्दल उद्या सकाळी आणून दे."