‘एक ट्यूब मारा, वीस वर्षं निवांत’: सोलापूरच्या उन्हात हे का टिकत नाही

उन्हाळा तापू लागला की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचं सार असं: ‘खिडकी असो, ओटा असो, गच्ची असो, कुठल्याही फटीला सिलिकॉनची एक ट्यूब पुरते. जुनं काढत बसू नका, वरूनच मारा. भर उन्हात मारा म्हणजे पटकन वाळतं. फट तळापर्यंत गच्च भरा. ट्यूब परवडत नसेल तर व्हाइट सिमेंट चालतं. वीस वर्षं बघायला नको. तसाही सोलापुरात पाऊस पडतो कुठं?’

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. शेवटापासून सुरुवात करू.

‘सोलापुरात पाऊस पडतो कुठं?’

कमी पडतो, खरं आहे. पण पडतो तेव्हा कसा पडतो ते बघा. वळीव वाऱ्यासकट येतो आणि भिंतीवर आडवा आपटतो. जोराचा पाऊस बहुतेकदा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीत असतो. ऑक्टोबर २०२० मधला पाऊस जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. शिवाय जोड फाडतं ते ऊन, पाऊस नंतर फक्त फाटल्याचं दाखवतो. आणि पाऊस नसतो त्या आठ महिन्यांत त्याच फटीतून धूळ आणि गरम वारा आत येतो, एसी उगाच चालत राहतो.

‘व्हाइट सिमेंट चालतं’

सहा फुटी ॲल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी घ्या. ॲल्युमिनियम दर मीटरला, दर अंशाला ०.०२३ मिमी वाढतं. थंडीतल्या पहाटे चौकट १५ अंशांवर असते. मे महिन्यात पश्चिमेच्या उन्हात गडद रंगाची चौकट ६५ अंशांपर्यंत सहज जाते. ५० अंशांचा फरक धरला तर चौकट सुमारे २ मिमी लांब होते. विटांची भिंत याच्या निम्म्यानंही वाढत नाही. उरलेला सव्वा-दीड मिमीचा फरक दोन टोकांच्या फटींना सोसावा लागतो, म्हणजे एका बाजूला साधारण पाऊण मिमी.

फट ३ मिमीची असेल तर पाऊण मिमी म्हणजे तिचा चौथा हिस्सा. व्हाइट सिमेंट, पुट्टी, पीओपी, एम-सीलसारखी एपॉक्सी, हे सगळे कडक पदार्थ. ताणायची वेळ आली की एका कडेनं सुटतात आणि केसाएवढी चीर पडते. केसाएवढ्या चिरेतून पाणी जात नाही असं वाटतं, पण वाऱ्याच्या दाबानं ते आत ढकललं जातं.

सीलंट, म्हणजे फट भरायचा लवचिक माल, घेताना ट्यूबवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात हालचाल किती टक्के सोसते ते बघा. आयएसओ ११६०० या मानकात त्याचे वर्ग आहेत: ७.५, १२.५, २० आणि २५. साधं ॲक्रिलिक पहिल्या दोनांत बसतं, चांगलं न्यूट्रल (व्हिनेगरचा वास न येणारं) सिलिकॉन २५ मध्ये. म्हणजे ३ मिमीच्या फटीत चांगलं सिलिकॉनसुद्धा काठावर पास होतं. फट बारीक म्हणून काम सोपं, हा गैरसमज इथूनच येतो. बारीक फट उलट अवघड. ती कापून ६ मिमी केली की तीच पाऊण मिमीची हालचाल साडेबारा टक्क्यांवर येते आणि सिलिकॉनला काही कष्टच उरत नाहीत. पेंटरला फट मोठी करायला सांगितलं की तो आपल्याकडं वेड्यासारखं बघतो. बघू द्या.

‘भर उन्हात मारा’

सगळ्यात महाग पडणारा सल्ला हा.

दुपारी चौकट फुगलेली असते, त्यामुळं फट वर्षातल्या सर्वात अरुंद अवस्थेत असते. तेव्हा भरलेलं सीलंट त्या मापावर बसतं आणि पुढं वर्षभर त्याला फक्त ताणच मिळतो. रात्री ताण, पावसाळ्यात ताण, थंडीत सर्वात जास्त ताण. डिसेंबरात कड सुटली की लोक म्हणतात, माल खराब होता.

दुसरं, सिलिकॉन उन्हानं ‘वाळत’ नाही. हवेतल्या बाष्पानं बाहेरून आत पक्कं होत जातं. साधारण २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर दिवसाला २ ते ३ मिमी. आपल्याकडं एप्रिल-मेच्या दुपारी हवा कोरडी ठाक असते. वर साय धरते, बोटाला चिकटत नाही म्हणून काम झालं असं वाटतं, आत मात्र लोणी असतं. १० मिमी जाडीचा थर असेल तर आठवडाभरही आत कच्चा राहू शकतो. ॲक्रिलिकचं उलटं. त्यातलं पाणी उडून ते घट्ट होतं, म्हणून उन्हात लवकर वाळतं खरं, पण आकसतं आणि मधोमध खड्डा पडतो किंवा चिरतं.

तिसरं म्हणजे फुगे. सील केलेल्या फटीमागं हवा अडकते. सील कच्चं असताना भिंत तापली की ती हवा फुगते आणि मऊ सिलिकॉनमध्ये फोड उठतो. म्हणून नुसतं ‘सकाळी करा’ एवढंही पुरत नाही. पूर्वेच्या खिडकीला सकाळी सातला सील केलं तर आठ वाजता ऊन तिच्यावरच येतं. नियम असा ठेवा: पश्चिमेची खिडकी सकाळी, पूर्वेची आणि दक्षिणेची संध्याकाळी पाचनंतर, भिंत निवायला लागल्यावर. सील केल्यावर त्या भिंतीवर किमान तीन तास ऊन येता कामा नये. पृष्ठभाग ४० अंशांच्या आत हवा. तापमापक नसेल तर तळहाताची मागची बाजू चौकटीवर ठेवा, चौकट चांगलीच गरम लागली तर सीलंटची गन खाली ठेवा.

बाहेरच्या कामाला सोलापुरात सर्वात चांगले दिवस जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपासून शिमग्यापर्यंतचे. भिंती कोरड्या असतात आणि दिवसाचं तापमान ना टोकाचं थंड, ना टोकाचं गरम. राहून गेलंच तर मृगाच्या आत सकाळचे दोन-अडीच तास धरा.

‘तळापर्यंत गच्च भरा’

ऐकायला पक्कं वाटतं, म्हणून हे सहज पटतं. सीलंटनं फटीच्या दोनच बाजू धरायच्या असतात, डावी आणि उजवी. तळालाही चिकटलं तर त्याला ताणायला जागा उरत नाही, ते मधून फाटतं किंवा कडेनं उपटतं. रबर बँड दोन टोकांना धरून ताणा, मग तीच पट्टी टेबलाला चिकटवून ताणायचा प्रयत्न करा. तेवढाच फरक.

यासाठी बॅकर रॉड असतो, फोमची गोल दोरी. फटीपेक्षा पंचवीस टक्के जाड घ्यायची: १० मिमीच्या फटीला १२ किंवा १३ मिमी. बोथट लाकडी पट्टीनं दाबून बसवा. स्क्रू ड्रायव्हरनं ढोसलं तर रॉड फाटतो आणि त्यातली हवा वर फुग्याच्या रूपानं येते. रॉड इतका खोल बसवा की वर सीलंटला रुंदीच्या निम्मी जाडी मिळेल, पण ६ मिमीपेक्षा कमी नको. १० मिमी रुंद फटीला ६ मिमी जाडी. फट उथळ असेल, रॉड बसत नसेल, तर तळाला पॅकिंगची गुळगुळीत प्लॅस्टिक टेप लावा, सीलंट तिला चिकटत नाही.

मालाचाही हिशेब बघा. २८० मिलीची ट्यूब ६ बाय ६ मिमीच्या जोडात पावणेआठ मीटर जाते, १० बाय ६ मध्ये साडेचार मीटरच्या थोडी पुढं. तोच जोड गच्च भरून १० बाय १० केला तर पावणेतीन मीटर. गच्च भरणारा माल जास्त घालतो आणि जोड लवकर घालवतो.

एक गोष्ट मात्र मुळीच भरायची नाही: स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाला असलेली लहान भोकं. ट्रॅकमधलं पाणी तिथून बाहेर जातं. आपल्याकडं ती धुळीनं बुजतात, वर कोणीतरी ‘फट दिसली’ म्हणून सिलिकॉन मारतं आणि पुढच्या वळवात पाणी ट्रॅक ओलांडून आतल्या भिंतीवर उतरतं. मग गळती थांबवायला आणखी सिलिकॉन. आधी तार घालून भोकं मोकळी करा, तांब्याभर पाणी ट्रॅकमध्ये ओता, बाहेर पडतंय का बघा. बऱ्याच तक्रारी इथंच मिटतात.

‘जुनं काढू नका’

जुन्या, पक्क्या झालेल्या सिलिकॉनवर बहुतेक काही नीट धरत नाही, नव्या सिलिकॉनचीही खात्री नसते. कटरनं दोन्ही कडा कापा, पट्टी ओढून काढा, उरलेलं स्क्रॅपरनं खरवडा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पेंटचा थिनर नको, तो मागं तेलकट थर ठेवू शकतो. एका फडक्यानं ओलं पुसायचं आणि ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपायचं, नाहीतर विरघळलेली घाण तिथंच परत बसते. आपल्या हवेत अल्कोहोल काही सेकंदांत उडतं, म्हणून एका वेळी दोन-तीन फूटच साफ करा. शेवटी पाण्याचा थेंब टाका. तो मण्यासारखा गोळा होऊन बसला तर जुना थर अजून आहे. पसरला तर ती जागा वाळवून पुढं जा.

‘कुठल्याही फटीला एकच ट्यूब’

ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर ते ॲसिटिक सिलिकॉन. काचेला काच जोडायला उत्तम. सिमेंट, प्लॅस्टर, आरशाची मागची बाजू, उघडा धातू यांना नको, त्यातलं आम्ल त्यांच्याशी भिडतं. आपल्या घरांत त्याहून मोठी अडचण शहाबादी आणि कडप्प्याची. दोन्ही चुनखडीचे दगड, लिंबू सांडलं तरी डाग पडतो. कडप्प्याच्या ओट्यामागची फट या ट्यूबनं भरली तर कडेला पांढुरकी रेघ उठू शकते आणि पकडही सुटते. तिथं न्यूट्रल सिलिकॉन घ्या आणि चोवीस तास पाणी लागू देऊ नका.

रंग द्यायच्या आतल्या भिंतीत, दाराच्या चौकटीभोवती, ॲक्रिलिक. सिलिकॉनवर रंग बसत नाही, भिंतीवर चकचकीत पट्टा कायमचा दिसत राहतो.

गच्चीवर सिलिकॉन नको. त्यावर वॉटरप्रूफिंगचा कोट धरत नाही आणि पायाखाली ते उपटतं. कोब्यातली चीर ग्राइंडरनं १० मिमी रुंद, १० मिमी खोल कापा, धूळ ब्लोअरनं उडवा, तळाला टेप, कडांना प्रायमर, वर ८ मिमी पॉलियुरेथेन सीलंट. ६०० मिलीची सॉसेज (मऊ वेष्टनातला लांबट पॅक) साडेसात मीटर जाते, तिची गन वेगळी असते. खाच पूर्ण कोरडी हवी. ओल राहिली तर पॉलियुरेथेन वायू सोडतं आणि पावासारखं जाळीदार होतं. पक्कं झालं की उघडं ठेवू नका, ऊन त्याला पिवळं आणि पिठूळ करतं, वर कोट द्या. पॅरापेटच्या (कठड्याच्या) कोपऱ्यातला गोल वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, फुटला असेल तर आधी गवंड्याकडून वाटा नवा करून घ्या. ट्यूब त्यावरचा इलाज नाही.

काळ्या मातीवरच्या घरांतल्या तिरक्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या चिरांचंही तसंच. माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, चीर त्याप्रमाणं उघडते-मिटते. चिरेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं खुणा करून मेअखेर आणि सप्टेंबरअखेर अंतर मोजा. वाढत असेल तर इंजिनिअर बोलवा.

‘वीस वर्षं बघायला नको’

प्रयोगशाळेत चांगलं सिलिकॉन टिकतं, वाद नाही. भिंतीवर ते किती टिकेल हे पृष्ठभाग किती साफ होता, जोडाची मापं काय होती आणि कुठल्या वेळी भरलं यावर ठरतं. दरवर्षी पावसाआधी एकदा अंगठ्यानं जोड दाबत फिरा, कड सुटलेली तिथंच कळते आणि सुटला तेवढाच तुकडा कापून बदलता येतो.

आणि फट भरायच्या आधीच ट्यूब निकामी झालेली असू शकते. बहुतेकींची मुदत तयार झाल्यापासून साधारण बारा महिने असते, तीही थंड जागी ठेवली तर. पत्र्याखालच्या दुकानात मे महिना काढलेली ट्यूब मुदतीत असूनही बिघडलेली निघू शकते. तारीख बघा, आणि कामाच्या आदल्या दिवशी कागदावर बोटभर लांब रेघ ओढून ठेवा. दुसऱ्या दिवशी ती रबरासारखी सोलून निघाली तर माल चांगला. चोवीस तासांनी बोटाला लागली, तर ती ट्यूब दुकानात परत करा.