फक्त

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठ दिवस एकच वाद चाललाय. गावच्या शाळेत संगणक आले, इंटरनेट आलं, आणि खोलीला कुलूप लागलं. पोरं नको ते बघतील म्हणून. कुलपाच्या बाजूने सगळ्यात मोठा आवाज बापूदादाचा, म्हणजे माझ्या चुलतभावाचा. त्याचा शेवटचा टोला माझ्यासाठीच होता: "तुमच्या अमेरिकेसारखं पोरांना मोकाट नाही सोडायचं. इथे संस्कार आहेत."

मोकाट! न्यू जर्सीत रात्रीचे अकरा वाजलेले, आणि मी उठून उत्तर लिहायला बसलो.

दादा, इथे २००० सालापासून कायदा आहे. इंटरनेटच्या खर्चात केंद्र सरकारची सवलत हवी असेल तर शाळेला, सार्वजनिक ग्रंथालयाला नको ते अडवणारा फिल्टर लावावाच लागतो. ग्रंथालयवाले त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत लढले आणि २००३ मध्ये हरले. शाळांना तर मुलं काय करतात यावर लक्ष ठेवावं लागतं, आणि ऑनलाइन कसं वागायचं हेही शिकवावं लागतं. कुलूप लावून ते कसं शिकवणार? विहिरीवर झाकण घालून कोण पोहायला शिकलंय? आणि संस्कारांचं म्हणशील तर आपल्याच सांगली जिल्ह्यात, मोहित्यांचे वडगावला, २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास मोबाइल-टीव्ही बंद. संस्कार पुरेसे होते तर भोंगा कशाला लागला?

(वडगावचं मला खरं तर फार कौतुक आहे. पण भांडताना ते कोण कबूल करतं.)

एक मात्र दादाला लिहिलं नाही. दर सप्टेंबरात लेकाला शाळेकडून क्रोमबुक, म्हणजे छोटा लॅपटॉप, मिळतो, आणि त्याबरोबर पालकांच्या सहीसाठी नियमपत्र येतं. पासवर्ड कुणाला देऊ नये, दुसऱ्याची फाइल उघडू नये, या यंत्रावर तुमचं खासगी काही नाही. हे एवढंच मला माहीत आहे, कारण एवढंच पहिल्या पानावर असतं. पुढचं मी कधी वाचलेलं नाही. सरकवत खाली जायचं, नाव टाइप करायचं.

आणखी एक लिहिलं नाही. मागच्या वर्षी लेकाने त्याच क्रोमबुकवर आजीला पत्र लिहायला घेतलं. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. "आम्ही फक्त पंधरा दिवस येणार." फक्तचं स्पेलिंग त्याने कानाला वाटलं तसं केलं, एफपासून. शाळेच्या सॉफ्टवेअरला ती इंग्रजी शिवी वाटली. मला शाळेत बोलावलं. बाईंच्या स्क्रीनवर ते पत्र, आणि तेवढा एक शब्द पिवळा. मी अर्थ सांगितला. बाई हसल्या, दोनदा सॉरी म्हणाल्या. विषय तिथेच मिटला होता.

कुणी विचारलेलं नसताना मी म्हणालो, "यापुढे तो शाळेत इंग्रजीतच लिहील."

"तसा काही नियम नाही," बाई म्हणाल्या. लेक शेजारच्या खुर्चीत बसून बुटाची नाडी ओढत होता.

पत्र त्याने इंग्रजीत पुरं केलं. ते आजीला वाचून दाखवलं बापूदादाने, एकेका ओळीचा अर्थ लावत. रात्री त्याचा फोन आला. "पोरगा मराठी विसरला का रे?"

मी म्हणालो, "नाही रे दादा, शाळेचे नियम फार कडक आहेत."